घोट्याची सवड

२ फेब्रुवारी

धाकटीस,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहीत बसणार नाही. गाडी वेळेवर पोचली. समोरच्या माणसाने आपली पेटी मधल्या जागेत ठेवली होती, त्यामुळे तू सांगितलंस तसे पाय वर ठेवता आले नाहीत. पण दर तासाला उठून डब्याच्या दारापर्यंत चकरा मारल्या. तिकीट तपासनिसाने दोनदा विचारलं, बाई, काही हरवलंय का.

अठरा दिवस तुझ्याकडे राहिले, खाल्लं-प्यायलं, आणि तुझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डाव्या पायाची ती फुगलेली शीर लेझरने बंद करून दिली. त्याबद्दल काय लिहायचं ते मला सुचत नाही. जावा-जावांत आभार मानायची पद्धत नाही, म्हणून सुटले.

फोन करू नकोस. कारखान्यातल्या मशिनींनी माझे कान गेले आहेत, अर्धं ऐकून मी नुसतं हो हो म्हणते. लिहिलेलं दोनदा वाचता येतं.

आता इथलं. घोट्याच्या वरची ती जखम चौदा महिने उघडी होती हे तुला माहीतच आहे. त्या चौदा महिन्यांत मालकांनी मला काज-बटणाच्या खुर्चीवर बसवलं आणि माझं कटिंगचं टेबल आमच्यातल्या दुसऱ्या कटरला, त्या चष्मेवाल्याला दिलं. सव्वीस वर्षं मी त्या टेबलापाशी उभी राहिले आहे. कोटाच्या कापडाचे चाळीस पदर एकावर एक घालून एका दमात कापते, आणि वरच्या पदरात नि खालच्या पदरात सुताचा फरक पडत नाही. चष्मेवाल्याचा पडतो. परवा टेबल परत मिळालं. तो आता बाजूला उभा राहून खडूने आखणी करतो आणि तोंड वाकडं करतो.

पण मालकांनी बोलावून सांगितलं, "बाई, सप्टेंबरअखेरपर्यंत बघू. तोवर पाय धड राहिला तर टेबल कायमचं तुमचं. पुन्हा चिघळला तर चष्मेवाल्याचं, आणि मग मागायला यायचं नाही." त्यांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. थप्पी अर्धी कापून कोणी घरी बसलं की ऑर्डर बुडते.

तेव्हा हा पाय आता बिघडून चालणार नाही. काय काय करायचं ते पुन्हा एकदा लिहून पाठव.

तुझी,
थोरली


११ फेब्रुवारी

ती. जाऊबाईंच्या दोन्ही पायांना नमस्कार, डाव्याला जरा जपून.

पत्र वाचून बरं वाटलं. तुम्ही मला काही विचारलंत, हे लग्नानंतर बावीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. आजवर मीच तुम्हाला विचारत आले. आठवतं ना, मी शिवलेल्या पहिल्या झब्ब्याच्या बाहीतून माझाच हात बाहेर येईना, आणि तुम्ही न बोलता ती बाही उसवून परत लावून दिली होतीत.

आता पायाचं. आमच्याकडे उपचार झाले की लोकांना वाटतं सुटलो. एक शीर बंद केली म्हणून बाकीच्या शहाण्या होत नाहीत. त्यांच्यावर तोच भार पडत राहिला तर चार-पाच वर्षांत शेजारची फुगते, कधी त्याआधीच. म्हणून सांगते. एकाच जागी खांबासारखं उभं राहायचं नाही. दर अर्ध्या तासाला दहा पावलं तरी चालायचं. चालता येत नसेल तर उभ्या उभ्या टाचा वर-खाली करायच्या, वीस वेळा. पोटरी हलली की रक्त वर ढकललं जातं. दुपारच्या सुट्टीत पाय छातीपेक्षा उंच ठेवून पंधरा मिनिटं पडायचं. पलंगाच्या पायथ्याखाली दोन विटा. रोज अर्धा तास चालणं. आणि वजन; यावर मी जास्त बोलत नाही, तुम्ही मोठ्या आहात.

सर्वांत महत्त्वाचे ते दाबाचे मोजे. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधीच चढवायचे, रात्री झोपताना काढायचे. चढवताना रबरी हातमोजे घाला म्हणजे पकड येते. ज्यांची जखम एकदा भरली आहे त्यांनी ते कायम घालायचे असतात. दोन जोड तुमच्या पिशवीत टाकलेत. मापं मी स्वतः घेतली आहेत, तेव्हा त्यात काही बघायला नको.

भाऊजींना नमस्कार.

आपली,
धाकटी


६ मार्च

धाकटीस,

तुझा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. ह्यांनी पलंगाखाली विटा घातल्या, आणि पहिल्या दिवशी सकाळी हे उशीकडे घसरून भिंतीला टेकलेले सापडले. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला उतार मोजता येऊ नये. आता एकेक वीट काढून फळी घातली आहे.

टाचा वर-खाली करण्याचं काम टेबलापाशीच चालू आहे. ओव्हरलॉक मशिनीवरच्या बायका म्हणतात, बाईंना या वयात नाच सुचला. मी म्हटलं, नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणायचीही सोय नाही, टेबल सपाट आहे.

मोजे रोज घालते. सकाळी डोळे उघडायच्या आधी पायांत असतात. पहिल्या दिवशी त्रास झाला, पण आता छान बसलेत. तू काळजी करू नकोस.

एक गंमत. आमच्या चष्मेवाल्याचेही पाय तसेच निघाले. तोही तीस वर्षं उभाच आहे म्हणा. जानेवारीत मी तुझ्याकडे असताना त्याने इथल्या मोठ्या इस्पितळात उजव्या पायाची शीर जाळून घेतली, आणि कोणाला सांगितलं नाही, मालकांना तर नाहीच. त्यालाही असेच मोजे दिलेत. पायाला लागतात म्हणून कुरकुरत होता, पिशवीतच ठेवून द्यायच्या बेतात होता. मी म्हटलं, आणा इकडे, बघते. आता तोही घालतो. माणूस खडूस आहे, पण पाय पायच असतो.

थोरली


१९ मार्च

ती. जाऊबाईंस,

विटांचं वाचून आम्ही दोघं खूप हसलो. भाऊजींना सांगा, एक वीट म्हणजे चार बोटं, तेवढा उतार पुरे.

चष्मेवाल्यांना तुम्ही मोजे घालायला लावलेत हे फार चांगलं केलंत. आमच्याकडे येणाऱ्या दहांतले चार जण महिन्याभरात मोजे कपाटात टाकतात आणि डॉक्टरांसमोर शपथेवर घालतो म्हणतात. तुम्ही त्यातल्या नाही, हे मला माहीत आहे. तरी विचारते, दिवसभर ना? उकडायला लागलं की लोक दुपारी काढतात.

सहा महिने झाले की मोज्यांची ओढ संपते. नवे मी इथून पाठवीन.

धाकटी


२० मे

धाकटीस,

मध्ये दोन महिने लिहिलं नाही. शाळेच्या कोटांची मोठी ऑर्डर आली. रोज नऊ तास उभी आहे. मधे मधे चालते, दुपारी कापडाच्या गठ्ठ्यावर पाय टाकून पडते, त्यात खंड नाही.

गेले तीन आठवडे संध्याकाळी डावा घोटा सुजतो. बोटाने दाबलं तर खळगा पडतो आणि लवकर भरत नाही. उन्हाळा आहे, तसं होत असेल. घोट्याच्या वर, जुन्या जखमेच्या जागी, कातडी तांबूस झाली आहे आणि खाज येते. खाजवत नाही. तेल लावलं तर चालेल का एवढंच विचारायचं होतं.

गुडघ्याखाली मोज्याच्या काठाचा वळ उठतो. म्हणजे मोजा घट्ट बसला आहे हे तर चांगलंच.

हे म्हणतात तिला सगळं नीट लिही. लिहिलं.

थोरली


३० मे

ती. जाऊबाईंस नमस्कार.

तेल नको. साधं मलम सोबत पाठवते आहे, ते रात्री लावा. आणि लगेच तिथल्या इस्पितळात जाऊन पायाची सोनोग्राफी करून घ्या, उद्यावर टाकू नका. तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं रक्त पुन्हा खाली साचत असल्याची आहेत. उन्हाळ्याने असं होत नाही.

आता जे लिहिते ते लिहायला मला तीन दिवस लागले. चार महिन्यांत असं होणं सहसा शक्य नाही, मोजे घातले असतील तर. जाऊबाई, तुम्ही मोठ्या आहात, मला उलट प्रश्न करायचा अधिकार नाही. पण खरं सांगा. टेबलापाशी उकडतं, मोजे काचतात, माणूस काढून ठेवतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्ही मोजे घालत नसाल तर मला सांगा. मी इथून ओरडणार नाही, दुसरा काही मार्ग काढू.

धाकटी


१५ जुलै

चि. सौ. धाकटीस,

पत्र मी लिहितो आहे, तिला ठाऊक नाही. तुझं मेचं पत्र आल्यापासून ती तुझं नाव काढत नाही. मी काढलं तर उठून दुसऱ्या खोलीत जाते. आपल्याकडे खोल्या दोनच आहेत, त्यामुळे फार बोलणं होत नाही.

सोनोग्राफी झाली. बंद केलेली शीर बंदच आहे. शेजारची एक बारीक शीर भरायला लागली आहे. जखमेच्या जागी नखाएवढी कातडी फुटून पाणी सुटतं. ती पट्टी बांधून कामाला जाते. कारखान्यात कुणाला माहीत नाही.

मोज्यांबद्दल मी साक्ष देतो. फेब्रुवारीपासून आजपर्यंत एकही दिवस चुकलेला नाही. रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ती पलंगावर बसून ते चढवते. वेळ मी सांगतो आहे, तेव्हा ती बरोबर असणार.

तिने न केलेल्या गोष्टीचा आळ तिच्यावर आला आहे. तिने केलेल्या गोष्टींबद्दल मी कधी बोलत नाही, पण ही तिने केलेली नाही.

भाऊजी


२ ऑगस्ट

धाकटीस,

ह्यांनी तुला पत्र लिहिलं हे मला कळलं. टीपकागदावर उलटी अक्षरं उमटली होती.

सोबत डाव्या पायाचा मोजा पाठवते आहे. टाच बघ, तळवा बघ. सहा महिने रोज घातल्याशिवाय असा झिजतो का? तू दवाखान्यात हजार मोजे पाहतेस, तुला कळेल. मी तोंडाने काही सांगणार नाही. सव्वीस वर्षांत माझ्यावर कामचुकार म्हणून बोट दाखवायची कोणाची छाती झाली नाही, आणि ते घरातून आलं.

इकडचं एवढंच. चष्मेवाला महिनाभर रजेवर आहे. त्याचाही पाय चिघळला, माझ्यापेक्षा जास्त. मालकांना आता त्याच्या शिरांचं कळलं. ते म्हणाले, बाई, आता टेबलाचा प्रश्नच मिटला, एक सप्टेंबरपासून कायमचं तुमच्या नावाने लावतो. माझी पट्टी बुटाच्या आत असते.

थोरली


११ ऑगस्ट

ती. जाऊबाईंस,

आधी माफी. मोजा मिळाला. तुम्ही तो एकही दिवस चुकवलेला नाही, हे टाचेवरून पहिल्या नजरेत कळलं. मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. मे महिन्यात मी मोज्याबद्दल विचारण्याऐवजी तुमच्याबद्दल विचारलं, ही चूक माझी.

मग मी मोजा उलटा केला.

घोट्याच्या दोन्ही अंगांना उसवून आत मऊ विणीची पट्टी बसवली आहे. टाके इतके बारीक की मला भिंग घ्यावं लागलं. गुडघ्याखाली दोन्हीकडून आत घेऊन इलॅस्टिक घातलं आहे. शिवणीची माया आतून दुमडून अशी दाबली आहे की पायाला लागू नये. डॉक्टरांना नेऊन दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला आणि ते म्हणाले, इतकं देखणं चुकीचं काम मी पाहिलेलं नाही.

जाऊबाई, मोजा घोट्याला आवळतो आणि वर सैल होतो, तो चुकून नाही, मुद्दाम तसा विणतात. पायातलं रक्त खालून वर चढायचं असतं. टूथपेस्ट संपत आली की आपण तळापासून दाबत आणतो, तसं. म्हणून सर्वांत जास्त दाब घोट्याला, पोटरीला त्याहून कमी, गुडघ्याखाली सर्वांत कमी. तुम्ही घोट्याला सवड दिलीत आणि वरचा काठ आवळलात. रक्ताला खालून रेटा नाही, आणि वर दार बंद. सहा महिने तुम्ही रोज, न चुकता, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पायाला दोरी बांधत होतात.

तुम्ही असं का केलंत ते मला समजलं. कुठलाही शिंपी तेच करेल. घोट्यापाशी पाय आत जायला सवड हवी, वर घसरू नये म्हणून ओढ हवी. पायजम्याला हेच शिकवलं होतंत मला. तुम्हाला वाटलं, धाकटीचं माप चुकलं. आणि माझा मान राखायला तुम्ही बोलला नाहीत, त्या बाहीसारखंच न बोलता दुरुस्त करून टाकलंत.

माझंही तसंच झालं. दवाखान्यात प्रत्येक माणसाला मी पाच मिनिटं उभं करून सांगते, खाली घट्ट, वर सैल, असंच असतं, हात लावू नका. तुम्हाला सांगितलं नाही. मला वाटलं, मापातलं यांना मी काय सांगायचं? सूर्याला काजवा दाखवल्यासारखं होईल. तुमचा मान राखला आणि तुमचा पाय घालवला. नवे मोजे सोबत आहेत. जखम बरी होईल, लहान आहे. तोवर पट्टी कशी बांधायची ते चित्र काढून पाठवलं आहे. तीही खाली घट्ट.

आता शेवटचं. तुमचं मार्चचं पत्र काढून पुन्हा वाचलं. चष्मेवाल्यांचे मोजे तुम्ही "बघितले" होतेत. काय केलंत ते मला विचारायची गरज नाही. त्यांचा पाय जास्त चिघळला आहे, ते घरी बसून बहुधा अजून तेच मोजे घालत असतील, बरे व्हावे म्हणून. त्यांना सांगावं लागेल, आणि ते तुम्हीच सांगितलं पाहिजे. टेबलाचं काय होईल ते मला कळतं आहे. तरी सांगा. ही विनंती नाही.

आजवर तुम्हाला असं लिहिलं नव्हतं. रागावा, पण जा.

धाकटी


२५ सप्टेंबर

धाकटीस,

तुझं पत्र सोळा ऑगस्टला मिळालं. मी चोवीसला गेले. मधले आठ दिवस काय केलं ते विचारशील, म्हणून आधीच लिहिते. काही केलं नाही. रोज टेबलापाशी उभी राहिले आणि मनात म्हणत होते, एक तारीख होऊन जाऊ दे, टेबल नावावर लागू दे, मग जाईन. चष्मेवाला घरी पडून आहे, आठ दिवसांनी काय बिघडतं. बिघडतं, हे मला माहीत होतं. माझ्या पायाला आठ दिवसांत काय होतं ते मी चौदा महिने पाहिलेलं आहे.

चोवीसला दुपारची सुट्टी घेतली. त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. त्याची बायको दारातच म्हणाली, तुमचं नाव रोज घेतात हो, तुम्ही मोजे सुखाचे करून दिलेत म्हणून. तिथूनच परत फिरावंसं वाटलं. आत तो पलंगावर बसला होता, पायांत मोजे. वर गुडघ्याखाली माझं इलॅस्टिक इतकं रुतलं होतं की कातडी दोन्हीकडून वर आली होती. टाका मात्र एकही सुटला नव्हता.

मी म्हटलं, "ते काढा. मी चुकीचं शिवलं आहे."

तो म्हणाला, "चांगले तर आहेत. आता लागत नाहीत."

"लागत नाहीत हेच चुकलं," म्हटलं, आणि तुझं टूथपेस्टचं सांगितलं. तो चष्मा काढून पुसत बसला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही हे मुद्दाम केलंत का?"

धाकटे, या प्रश्नाची मी तयारी करून गेले नव्हते. माझ्या तोंडून नाही निघालं, आणि ते खरं आहे. माझा तसाच शिवलेला मोजा दाखवला असता, पण तो तुझ्याकडे, आणि बाकीचे मी आधीच कापून टाकले होते. म्हणून पट्टी सोडून जखम दाखवली. कारखान्यातल्या माणसाला पहिल्यांदा. ती बघितल्यावर त्याचा विश्वास बसला. म्हणाला, "म्हणजे तुम्हीही." मी म्हटलं, "मीही." त्याच्या बायकोने पाणी आणून दिलं. मोजे मी तिथेच कात्रीने कापून टाकले, नाहीतर त्याने जपून ठेवले असते.

दुसऱ्या दिवशी मालकांकडे गेले. त्याच्या पायाचं सांगितलं, मग माझ्याही. आता लपवून उपयोग नव्हता, तीन जिने उतरेपर्यंत त्याच्या बायकोने अर्ध्या चाळीला सांगितलं असणार. मालक म्हणाले, "बाई, तुम्हाला माप चुकवताना मी कधी पाहिलं नव्हतं." मग काज-बटणाच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

सप्टेंबरची पहिली तारीख आली आणि टेबल कोणाच्याच नावाने लागलं नाही. तीन आठवडे ओव्हरलॉकवरच्या दोघींनी मिळून कापलं, आणि काय कापलं ते मी काज-बटणाच्या खुर्चीवरून पाहिलं. माझी जखम आता बंद झाली आहे, वर पातळ गुलाबी कातडी आली आहे. त्याची अजून महिनाभर घेईल. काल तो काठी टेकत कारखान्यात आला, मालकांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मी आता चार तासांच्या वर उभा राहणार नाही, डॉक्टरांचा कागद आहे. उरलेले चार तास बाईंना द्या. त्याही आठ तास उभ्या राहता कामा नयेत." मालकांनी हो म्हटलं. सोमवारपासून मी सकाळी कापणार. तो येईपर्यंत दुपारी त्या दोघी, मग तो.

म्हणजे अर्धं टेबल. लोक म्हणतात, छान झालं, दोघांचं भागलं. मला पूर्ण हवं होतं. अजून हवं आहे. हे मी कोणाजवळ बोलत नाही, तुला लिहिते.

आणि एक. तू लिहिलंस की तुझा मान राखायला मी गप्प राहिले. तुझा स्वभाव चांगला आहे म्हणून तुला तसं दिसलं. तसं नव्हतं. या घरात कोणाला दुखलं-खुपलं की सगळे तुझ्याकडे धावतात. हेसुद्धा. मी थोरली असून मला कोणी विचारत नाही, शिवणकामात काय विचारायचं असतं. तुझ्याकडे अठरा दिवस होते तेव्हा तू मला उठा म्हणालीस की उठत होते, झोपा म्हणालीस की झोपत होते. घरी येऊन पहिल्या दिवशी मोजा घातला, घोट्याला आवळला, वर ढिला पडला, आणि मला वाटलं, हिचं माप चुकलं. धाकटे, मला आनंद झाला. रात्रभर बसून मी तो मोजा उसवला आणि शिवला, आणि इतकं बरं मला महिन्यांत वाटलं नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू एका ओळीत उत्तर दिलं असतंस. म्हणूनच सांगितलं नाही.

हे तुझ्यासमोर बसून मला बोलता आलं नसतं. तू हे वाचशील तेव्हा मी तिथे नाही, हे बरं आहे.

जखम भरल्या दिवसापासून नवे मोजे घालते आहे. घोट्याला आवळतात. आवळू देत.

तुझी,
थोरली